लाल पेन्सिलीचा पक्षपात

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली की आता तुमच्याशी वाद घालणे कोणालाही अन्यायाचे वाटेल. उत्तर देण्याची सोय तुमच्याकडे नाही. पण ती सोय होती तेव्हाही तुम्ही उत्तर दिले नव्हते, म्हणून माझा मुद्दा मी आज पूर्ण मांडणार आहे.

ऐंशीच्या दशकातले आपले विक्रोळीचे घर घ्या. कंपनीची वसाहत, स्वयंपाकघरातले घडीचे टेबल आणि त्यावर पसरलेले दादाचे डिप्लोमाचे ड्रॉइंग. तुम्ही कारखान्यात तपासनीस होतात. केसाएवढा फरक असलेला दांडाही तुमच्या हातून पुढे जात नसे, आणि तीच नजर तुम्ही घरी आणत होतात. तुम्ही लाल पेन्सिलीने एक रेघ खोडता, कागद परत सरकवता. "पुन्हा काढ." दादा वैतागतो, "एकच रेघ तर चुकलीय, बाबा!" तुम्ही चहाचा घोट घेऊन म्हणता, "त्या एका रेघेपायी उद्या कोणाचं तरी बोट मशीनमध्ये जायत. पुन्हा काढ." दादा तुम्हाला कसाई म्हणत असे. मला मात्र त्या 'पुन्हा काढ'चा हेवा वाटत असे.

कारण त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मीही काहीतरी आखत होते. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर मी आपली खाडी काढली होती: कांदळवनातले पाण्याचे फाटे, त्यांतून धक्क्याकडे निघालेल्या दोन होड्या. आपल्या पाळीला एकतर होडी पुढे न्यायची, नाहीतर समोरच्याच्या पाण्यात अडथळा ठेवायचा. फासा नाही, म्हणजे नशिबाला जागा नाही. अडथळ्यांसाठी कारखान्यातले नापास वायसर तुम्हीच आणून दिले होते. पहिल्या डावाची सुरुवात तुम्ही केलीत आणि तुम्ही जिंकलात. मी त्या दिवशी धड जेवले नाही. दुसऱ्या दिवसापासून टेबलाशी बसलात की तुम्ही म्हणत होतात, "तू आधी." आणि मी जिंकत गेले. "झकास झाली गो तुझी खाडी," तुम्ही म्हणालात. तपासनिसाने पास केलेली वस्तू, असे मी समजले.

म्हणूनच तो पुठ्ठा घेऊन मी साकीनाक्याच्या खेळणीवाल्याच्या गाळ्यात जाऊ शकले. मी तेव्हा कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होते आणि माझी खाडी छापून दुकानात जावी, एवढीच माझी इच्छा होती. तुम्ही सोबत आलात, स्टुलावर बसलात. मालकाने नियम ऐकले आणि तो म्हणाला, "चल, पहिला मी." त्याने होडी सरळ मधल्या फाट्यात घातली. मी हरले. पुन्हा मांडले. पुन्हा तोच आधी, पुन्हा मधला फाटा, पुन्हा मी हरले. "ताई, जो आधी मधे घुसला तो जिंकला, दुसऱ्याची वाट लागली. याला खेळ कसा म्हणायचा? घरी कोण खेळतं तुझ्याबरोबर?" मी तुमच्याकडे पाहिले. तुम्ही खाली पडलेला एक वायसर उचलत होतात. तो हसला. "अच्छा, पप्पा! मग काय, बरोबर आहे."

बसस्टॉपवर मी विचारले, "तुम्हाला माहीत होतं?" तुम्ही म्हणालात, "खेळच तो, बाय. एवढा काय मनाक लावून घेतंस?"

आता युक्तिवाद. तुम्हाला दोष दिसला नव्हता, हा बचाव टिकत नाही. दिसला नसता तर दररोज 'तू आधी' म्हटले नसते. म्हणजे दिसला आणि तुम्ही लपवला. का? मुलीच्या खेळाने कोणाचे बोट जात नाही, म्हणून तो तपासण्याच्या लायकीचा नव्हता, की मुलगी हरलेली बघवत नव्हती? पहिले कारण अपमानाचे आहे. दुसरेही अपमानाचेच आहे, फक्त ते प्रेमाने केलेले आहे. दादाला तुम्ही लाल पेन्सिल दिलीत आणि मला विजय दिलेत. त्याचे ड्रॉइंग सुधारले. माझी खाडी सुधारायला परका माणूस लागला.

त्या संतापावर मी पुढची सारी वर्षे काढली. आधी पुठ्ठ्यावर, मग संगणकावर खेळ रचले. ते विकले गेले, काही मुलांचे आवडतेही झाले. आता अंधेरीच्या एका संस्थेत खेळांची रचना शिकवते. पहिल्याच तासाला सांगते, घरच्यांची पसंती पुरावा म्हणून चालणार नाही. विद्यार्थी मला खडूस म्हणतात. म्हणोत.

गेल्या आठवड्यात एका मुलीने तिचा पहिला खेळ आणला. मुंग्या आणि वारूळ. सोंगट्या तिने साबुदाण्याच्या केल्या होत्या. "मॅडम, तुम्ही आधी," ती म्हणाली. मी आधी खेळले आणि जिंकले. दोष डाव संपण्याआधीच दिसला होता, आणि तो आपल्याच खाडीचा दोष होता: जो आधी, तो जिंकणार. तिने सोंगट्या पुन्हा मांडल्या. माझ्याकडे न बघता मांडल्या.

तुम्ही आणलेले ते वायसर मी अजून एका डब्यात जपले आहेत. हे पत्र त्याच डब्यात ठेवणार आहे. माझा आरोप मी मागे घेत नाही. मी त्या मुलीला दोष सांगितला, नीट समजावून सांगितला, आणि "पुन्हा काढ" असेही म्हटले. पण ते दुसरा डाव झाल्यावर. तो सुरू करताना मी तिला म्हणाले होते, "तू आधी."