टीसी नांदेडात, सीट कुठंच नाही

दादा,

सकाळचे सहा वाजलेत. तू रात्रपाळीवरून येशील तेव्हा मी लातूरच्या एसटीत असेन.

काल इथल्या कॉलेजनं सांगितलं की बीएस्सी दुसऱ्या वर्षाच्या सीट भरल्या. तुझ्या ओळखीचे क्लार्क म्हणाले, "म्या नुसतं बघू म्हनलं व्हतं, तुमच्या भावानं तर टीसीच काढून आनली." ती टीसी त्यांच्या कपाटात आहे आणि सोमवारशिवाय परत मिळणार नाही. लातूरला माझ्या जुन्या कॉलेजात मात्र प्रवेशाची आज शेवटची तारीख आहे. झेरॉक्स घेऊन निघाले आहे. आज त्यांनी परत घेतलं नाही तर वर्ष गेलं.

गॅदरिंगच्या त्या फोटोत आमचा अख्खा नाटकाचा ग्रुप होता. तू एकट्या आदर्शला बघितलंस आणि माझी टीसी काढलीस.

निरोपाचा केक खाऊन आता कोणत्या तोंडानं परत येऊ, असं मी लातूरच्या माझ्या मैत्रिणीला, आरतीला विचारलं. ती म्हणाली, "ये की. येताना केक वापस आण."

वरण कुकरमध्ये आहे, भाकरी दुरडीत. आईला फोनवर काही बोलू नकोस. मी रोज कॉलेजला जाते, असंच तिला वाटतंय.

लिहिता लिहिता आरतीचा मेसेज आला. तिनं काल संध्याकाळी प्राचार्यांना गाठलं होतं. ते म्हणाले, "झेरॉक्सवर तात्पुरतं घेऊ. पण ज्यानं सही करून टीसी नेली, त्यानंच दुपारपर्यंत समोर यावं."

सुकन्या