हलकी ड्युटी

१० मार्च, सोमवार
ऑपरेशनला आज दहा महिने झाले. माझी डावी किडनी सुमनकडं, उजवी माझ्याकडं. तिचं क्रिएटिनिन १.१, माझं १.३; कमी तेवढं चांगलं. बायको नवऱ्यापेक्षा ठणठणीत. दोन वर्षं डायलिसिसच्या खुर्चीत बसलेली बाई आता जिना चढून मलाच हाक मारते, पाणी संपलं का म्हणून.
दिवसभर एसटी स्टँडच्या केबिनमध्ये माइक. ‘वैरागमार्गे बार्शीला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे.’ एकोणीस वर्षं ती गाडी मी नेली. आता नुसती पुकारतो. ऑर्डरीत लिहिलंय ‘हलकी ड्युटी’. तीन महिन्यांची होती, वाढत वाढत इथवर आली.

१६ मार्च, रविवार
वळसंगहून सासूबाई आल्या. जावयानं बायकोला किडनी दिली, हे अजून गावात सांगतात. बायका देतात, त्याचं कुणी काही बोलत नाही. मी दिली तर देव. देवाला जेवायला बिनमिठाची आमटी, पापड नाही, लोणचं नाही. डॉक्टर मीठ कमी करा म्हणाले होते. सुमननं बंदच केलं.
मी जरा चिडून बोललो. सुमनचे डोळे भरले. मग मलाच समजूत काढावी लागली. आता चिडायचीही सोय राहिली नाही.

२४ मार्च, सोमवार
स्टेअरिंगवर परत घ्या म्हणून डेपोत अर्ज दिला. घरी सांगितलं नाही. किडनीचे डॉक्टर तर चौथ्या महिन्यातच म्हणाले होते, नेहमीची कामं करा, फक्त पाणी, बीपी सांभाळा, वर्षाला तपासणी करा, दुखण्याच्या गोळ्या अजिबात नकोत. सुमनला त्यातलं ‘सांभाळा’ एवढंच ऐकू आलं.
तिचंही बरोबर आहे. वाटेत मुतारी नाही म्हणून आम्ही ड्रायव्हर लोक पाणीच पीत नाही. तिला हे माहीत आहे, कारण पूर्वी मीच फुशारकीनं सांगायचो.

३ एप्रिल, गुरुवार
फिटनेस तपासणी १५ तारखेला. आणि नेमकी कंबर धरली. खुर्चीत बसून बसून धरली, गाडीवर कधी धरली नव्हती. वाकून उठलो की आई आठवते. असा वाकडा डॉक्टरपुढं गेलो तर माइकच जन्माला पुरणार.
सलीम डेपोतला जुना जोडीदार, त्याच्या शर्टाच्या खिशात कायम दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट असतं. माझा चेहरा बघून म्हणाला, “एक गोली से क्या होता रे.” घेतली नाही. ठेवून घेतली.

४ एप्रिल, शुक्रवार
घेतली. अर्ध्या तासात कंबर मोकळी. लाजही वाटली आणि बरंही.

१२ एप्रिल, शनिवार
आता रोज एक. सलीमकडं मागायची लाज वाटते म्हणून स्वतःच पाकीट आणलं. घराजवळच्या मेडिकलवाल्याला आमचं सगळं माहीत, म्हणून पार नव्या पेठेत गेलो. चोरासारखं.
रात्री नऊला सुमनचा गजर वाजतो, तिच्या गोळ्यांचा. एक दिवस चुकत नाही ती. मला म्हणते, तुमची वस्तू हाय माझ्याकडं, हयगय करून कसं चालंल.

१५ एप्रिल, मंगळवार
फिट. नजर ठीक, बीपी १३४/८६, कंबर सरळ. सोमवारपासून स्टेअरिंग. ऑर्डर युनिफॉर्मच्या खिशात. घरी कसं सांगायचं ते…

१७ एप्रिल, गुरुवार
सकाळपासून जुलाब. नळाला पाचव्या दिवशी पाणी आलं, गढूळ होतं. सुमनचं पाणी उकळून वेगळं असतं. मी केबिनच्या माठातलं प्यालो की घरातलं, कोण जाणे. बाहेर ऊन चव्वेचाळीस डिग्री. कंबरेची गोळी आजही घेतली, सवयीनं.

१९ एप्रिल, शनिवार
हॉस्पिटल. पडूनच लिहितोय, अक्षर बघवत नाही. काल दुपारी केबिनमध्येच पडलो. लघवी जवळजवळ बंद. क्रि. २.९. दोन सलाईन झाली.
लेक कविता जवळ आहे. पोरीची परीक्षा तोंडावर. डॉक्टरांनी तिच्यासमोरच विचारलं, दुखण्याची गोळी वगैरे घेतली होती का? मी नाही म्हणालो.
ती खाली चहाला गेल्यावर सिस्टरना सांगून डॉक्टरांना परत बोलावलं. खरं सांगितलं. किती दिवस? पंधरा. ते रागावले नाहीत. नुसतं लिहून घेतलं. म्हणाले, जुलाबानं पाणी गेलं, वर ही गोळी, आणि किडनी एकच. भरून येईल बहुतेक. ‘बहुतेक’ सावकाश म्हणाले.

२० एप्रिल, रविवार
सुमनला वॉर्डात यायला मनाई. तिची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली, इथला कुठलाही ताप तिला महागात पडेल. तरी आली. तोंडाला मास्क, रस्त्यापलीकडं लिंबाखाली उभी. मी खिडकीशी, सलाईनचा स्टँड धरून. फोनवर बोललो.
आधार कार्ड शोधताना कविताला युनिफॉर्मच्या खिशात दोन्ही सापडलं होतं, गोळ्यांचं पाकीट आणि ऑर्डर. आईला तिनं सांगितलं. तिला दोष नाही.
एवढ्या लांबून सुमनचे डोळे दिसत नव्हते. मग म्हणाली, “माझ्यातली तुमाला परत देता येत न्हाय. येत असती तर कालच दिली असती.”
मी म्हणालो, असं बोलू नको.
“मग काय बोलू? तुमी मला जगवलं, आता मी रोज भ्यायचं. मी मागितली नव्हती की.”
खरं आहे. मागितली नव्हती. मीच हट्टानं दिली. तिच्या भावांचं जुळत नव्हतं, माझं जुळलं, आणि मला तेव्हा लई मोठं वाटलं होतं.
फोन ठेवूनही ती तिथंच उभी. मी खिडकीतून हातानं खुणावत राहिलो, जा, घरी जा.

२३ एप्रिल, बुधवार
क्रि. २.१. लघवी मोकळी झाली. सोमवार गेला, स्टेअरिंगही गेलं.

२८ एप्रिल, सोमवार
घरी येऊन तीन दिवस. क्रि. १.८ वर अडकलंय. डॉक्टर म्हणतात महिनाभर वाट बघू, कदाचित एवढ्यावरच राहील. आज सुमननं ताटात पापड वाढला होता. मी बघितला, तिनं बघितलं. खाल्ला नाही. पूर्वीसारखी रागावली असती तर बरं वाटलं असतं.

६ मे, मंगळवार
पुन्हा माइक. सलीम भेटायला आला, केबिनच्या दारातच उभा राहिला, आत आला नाही. मी म्हणालो, तू एकच दिली होतीस, बाकीच्या मी आणल्या. तरी मान खाली. त्याच्या गाडीची वेळ झाली, मीच पुकारली.

९ मे, शुक्रवार
किडनीच्या डॉक्टरांनी पत्र दिलं. गाडी चालवायला हरकत नाही, पण भर दुपारची फेरी नको, तीन लिटर पाणी, दर महिन्याला रक्त-लघवी. त्यांना वाटलं मी खूश होईन. विचारलं, तुम्हाला चालवायचीय ना? मी म्हणालो, घरी विचारतो. ते हसले. सुमन शेजारच्याच खुर्चीत होती. ती हसली नाही.
परत येताना रिक्षात म्हणाली, “मी व्हय म्हणाले आन् तुमाला काय झालं तर माझ्यावर येतंय. न्हाय म्हणाले तर तुमी त्या खोक्यात बसून झुरणार, ते बी माझ्यावरच. मला विचारू नका.”
मग कुणाला विचारू, हे मी विचारलं नाही.

११ मे, रविवार
डेपोनं फॉर्म दिलाय, उद्या द्यायचा. पत्र जोडा, आणि खाली एक ओळ: चालक कामगिरीसाठी इच्छुक, होय/नाही. नको ते खोडायचं.
संध्याकाळपासून टेबलाशी बसलोय. फॉर्म समोर, पण लिहितोय या वहीत. कविता अभ्यासाला मैत्रिणीकडं गेलीय. आत सुमन भाकऱ्या थापतीय, तो आवाज एकसारखा येत होता.
मघाशी पेन उचललं तसा तो थांबला. स्वयंपाकघरातून माझी पाठ दिसते, हात चालताना दिसतो, काय लिहितोय ते दिसत नाही. फॉर्मच भरतोय असं तिला वाटत असणार.
हाक मारून सांगावं, अजून काही खोडलेलं नाही. पण मग ती विचारील, काय खोडणार?
तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येतोय. ती उलथत नाही.