पालुपद गिळलं त्याची गोष्ट

त्र्वा, फ्रान्स, ईस्टरनंतरचा दुसरा सोमवार, १३६२

चि. पेरोनेल हिस अनेक आशीर्वाद.

चार महिने पत्र नाही, माफ कर. लिहायला बसलो की रागच आधी उतरायचा.

नाताळात गोबेरने सरदारांपुढे बाबांनी रचलेलं व्हिरले, ते नाचाचं गाणं, स्वतःचं म्हणून गायलं. ज्याला बाबांनी आपल्या चुलीपाशी बसवून ते शिकवलं, तोच हा. मी उठून बोललो, तर म्हणाला, “ओबरी, तुझा बाप मेंढ्या हाकायचा, गाणी नव्हे.” सगळे हसले. पॅरिसला शिकलेला मी खाली बसलो. राग त्याच्यावर किती आणि स्वतःवर किती, अजून ठरत नाही.

पेंटेकॉस्टच्या सणाला आपल्या गावच्या नाचात तो तेच गाणार आहे, सरदारांसमोर. कडवी पुढे गाणाऱ्याची, पालुपद रिंगणात नाचणाऱ्या सगळ्यांचं. रिंगणाने तोंडच उघडलं नाही तर? गावाला सांग. आईला मात्र कळू देऊ नकोस.

माया असू दे.
तुझा ओबरी

गावाहून, पेंटेकॉस्टचा मंगळवार

ती. ओबरीदादास सा. न. वि. वि.

झालं तुझ्या मनासारखं. पहिलं कडवं संपलं आणि साठ माणसं मुकी. गोबेर थांबला, हसला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा तेच. जाकमिन खाटकाने विचारलं, तुझंच गाणं ना, मग गा की. सरदारांच्या कपाळाला आठ्या. गोबेरची मान घामाने भिजलेली पाहून मला इतकं बरं वाटलं, की नंतर लाज वाटली.

तिसऱ्या कडव्यानंतर बाकावरून आईने पालुपद उचललं. एकटीनेच, बाबा जिथे दम खात तिथेच दम खाऊन. मग ती रिंगणात गेली आणि म्हणाली, “गोबेर, आता चौथं म्हण.”

त्याला तीनच ठाऊक. चौथं आईने गायलं. त्यात तिचं नाव आहे, दादा. सरदार गोबेरकडे न बघताच घोड्यावर बसले.

हे तुझंच सांगणं, ते आईने ओळखलं. तुला तिचा निरोप: त्याने नाव चोरलं, तुम्ही तर गाणंच मुकं केलंत.

रागावू नकोस.
तुझी पेरोनेल

त्र्वा, शुक्रवार

चि. पेरोनेल हिस आशीर्वाद.

गोबेर एकटा उभा असलेला मला अजूनही पाहावासा वाटतो, हे लपवत नाही. पण आईने चौथं म्हणायला मला सांगितलं असतं, तर मीही त्याच्या शेजारीच उभा राहिलो असतो.

उद्याचं काम: पहाटे गावाकडे निघून आईपाशी चौथं कडवं शिकायला बसणे.

ओबरी