पाऊचमधलं हिरवं पाकीट

शिंचू, २० एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी एक चुकीची गोष्ट लिहिली, ती आधी दुरुस्त करते. बाबांनी गेमचं यंत्र नीट बंद केलं नसणार, म्हणून ते बसमध्ये पिशवीत तापलं आणि पायाशी ठेवलेल्या त्या पिशवीने त्यांच्या पायाचं बोट भाजलं, असं मी लिहिलं होतं. तसं झालेलं नाही. बाबांनी बटण बरोबर दाबलं होतं. हे त्यांना माझ्या नावाने वाचून दाखव, आणि मोठ्याने, म्हणजे नीट ऐकू जाईल.

कंपनीत तक्रारीचा फोन आला की गिऱ्हाइकाला जे पाठ केलेलं उत्तर देतात, तेच मी घरच्या माणसाला देऊन मोकळी झाले. मग चैन पडेना. परवा ऑफिसात रीतसर विचारून बाबांकडे आहे तसंच एक यंत्र खोलीवर घेऊन निघाले. बटण एकदा दाबलं, पडदा काळा झाला, दिवा विझला, म्हणजे ते झोपलं. पाऊचमध्ये घातलं, पाऊच पिशवीत, शेजारी डबा आणि छत्री. स्कूटरवरून उतरून बघते तर आत पंखा किंचाळतोय आणि पाऊच भाजक्या रताळ्यासारखं गरम. कुणी हात लावला नव्हता. आपलं आपणच उठलं होतं.

गंमत अशी, की यंत्र झोपतं कसं आणि उठतं कसं एवढंच तपासायला मला पगार मिळतो. आमच्या टेबलावर हीच यंत्रं आठवडाभर मुकाट झोपून असतात. ती पिशवीत का उठतात, ते मला अजून कळलेलं नाही.

डायलिसिसच्या त्या लांबलचक बैठकीत बाबांचा वेळ जावा म्हणून मी ते दिलं. दर वेळी तिथे पोचेपर्यंत बॅटरी संपलेली, नाहीतर अपडेट चालू, आणि बाबा एका हाताला सुई लावून पडद्यावर गोल फिरणारं चाक बघत बसलेले. त्यात आता हे. साखरेमुळे त्यांच्या पायांना काही कळत नाही हे मला ठाऊक होतं, तरी यंत्र पायाशी ठेवू नका एवढंसं सांगायचं मला सुचलं नाही.

जखम कशी आहे ते खरं लिही. तुझा फोन चालू होईपर्यंत मी पत्रंच लिहीन, कारण बाबांना फोन करावा तर त्यांना ऐकू येत नाही आणि ते सगळ्याला हो म्हणतात.

थकले आहे, पण जेवते आहे. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
पेइशुआन

तुंगशी, २५ एप्रिल

चि. पेइशुआन हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या बाबाला वाचून दाखवलं. तो कालवं सोलत बसला होता, मान वर केली नाही. थोड्या वेळाने म्हणाला की ते बटणाचं पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग म्हणाला की पंखा लाव, उकडतंय. तो एवढा बोलला म्हणजे खूप बोलला, हे तुला माहीत आहे.

तुझ्या आधीच्या पत्रानंतर त्याने ते यंत्र कपाटात थंडीच्या रजईमागे टाकलं होतं. डायलिसिसला शेजारच्या पलंगावर असणाऱ्या लियावला त्याने स्वतःच सांगितलं, की माझी मुलगी ही यंत्रं तपासते आणि ती म्हणते बापाला ते बंदसुद्धा करता येत नाही. लियाव इतका हसला म्हणे, की नर्सने दोघांना दम दिला. आता चार तास भिंतीवरचा टीव्ही बघतो, त्यात बायका पदार्थ करतात, आणि ह्याला त्यातलं काही खायची परवानगी नाही.

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. फोड त्याला कळलाच नाही, मोजा काढताना नर्सला दिसला. आता फोड फुटून कडा काळसर झाली आहे. डॉक्टर म्हणाले की अशा पायाची जखम हलकी समजायची नाही, आत पसरली तर बोट, बोटानंतर पाऊल. एक दिवसाआड पट्टी. मी त्याला आपल्या तळ्याच्या बाजूला फिरकू देत नाही. तो म्हणतो ही बहीण नाही, पोलीस चौकी आहे.

माझ्या फोनचं विचारू नकोस. दुकानातली मुलगी गोड आहे. नवीन फोनमध्ये जुनं खातं उघडायला ओळख पटवा म्हणते, त्यासाठी जुन्या नंबरावर आकडा पाठवते. जुना नंबर फोनसकट तळ्याच्या चिखलात आहे, हे मी तिला तीनदा सांगितलं. ती मान डोलावते आणि परत आकडा पाठवते. मी मीच आहे हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे, त्या फोनला तेवढं पटत नाही.

आणि एक सांगते, मागाहून मला बोल लावू नकोस. मी त्या यंत्राची काळजी घेण्यात कसूर केलेली नाही. तुमच्याकडे प्रत्येक मशीनवर नारळाच्या चवीच्या खाऊचं ते हिरवं पाकीट ठेवतात, त्या खाऊचं नावच शहाणं बाळ अशा अर्थाचं, म्हणजे मशीन शहाण्यासारखं वागतं, हे तूच नोकरी लागल्यावर सांगितलं होतंस. म्हणून मी पहिल्या दिवसापासून पाऊचमध्ये यंत्रावर एक हिरवं पाकीट ठेवते. पिवळं नाही, हिरवंच, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. तारीख बघून घेते. पाऊच लहान आहे, चेन लावताना गुडघा टेकवावा लागतो, पण कधी चुकवलं नाही. तरी ते असं वागलं, तर तुमच्या मशीनलाच वळण नाही.

कालवं पाठवते आहे, बर्फ वितळायच्या आत आणून घे. आशीर्वाद भरपूर आहेत, वापर.

तुझी आत्या,
आ-लुआन

शिंचू, १ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी जिन्यात उभ्यानेच वाचलं आणि हिरव्या पाकिटाशी येऊन तिथेच पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊच घेतलं, यंत्र झोपवलं, वर हिरवं पाकीट ठेवलं आणि गुडघा टेकवून चेन लावली. सगळे बघत होते. पाकिटात हवा असते ना, ते फुगून यंत्राच्या काठीवर दाबून बसतं. आपण अंगठ्याने हलवतो ती काठी. ती जराशी दाबली गेली की यंत्राला वाटतं मालक खेळायला आला. ते उठतं, वर कुणी नाही, आत वारा नाही, आणि तापत जातं. लगेच उठलं. पुन्हा केलं, पुन्हा उठलं.

आत्या, तू ते मायेने ठेवलंस. तुला दोष नाही, हे मी नुसतं बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. पाकिटाच्या जागी मी घडी केलेला टॉवेल ठेवला, तरी उठलं. माझा डबा ठेवला, तरी उठलं. म्हणजे पिशवीत काहीही दाबलं की हे होणार. आम्ही टेबलावर उघडं ठेवून तपासत होतो, आणि वर पाकीट ठेवत नव्हतो, कारण आमचं पाकीट टेबलाशेजारच्या कपाटावर असतं. पिशवीत घालून कुणी बघितलंच नाही. मीही नाही.

आमचे साहेब, वेंग, यांना दाखवलं. ते आधी मनापासून हसले. म्हणाले की हा किस्सा वर्षअखेरच्या जेवणात सांगायलाच हवा. मग म्हणाले की उपाय सोपा आहे, आत्याबाईंना सांग पाकीट बाहेर ठेवा. मी म्हटलं की नव्या मॉडेललाही हीच काठी आहे. तेव्हा त्यांचं हसू गेलं. नवं मॉडेल या महिन्यातल्या मोठ्या प्रदर्शनात मांडायचं आहे, खोकी बांधून तयार आहेत. काठीने उठणं बंद करता येतं, तो बदल प्रोग्रॅममध्येच करायचा आहे, पण त्यानंतर सगळं पुन्हा तपासावं लागेल आणि प्रदर्शन हुकेल. शिवाय काठी हलवली की झटकन जागं होतं, हीच तर जाहिरात आहे.

चांद्र महिन्याच्या सोळाव्याला ऑफिसात पूजा असते, ती तुला माहीत आहे. या वेळी टेबलावर अननस आणि बिस्किटांच्या मध्ये नवं यंत्र ठेवतील आणि प्रत्येक गटाचा माणूस उदबत्ती लावून सगळ्यांसमोर म्हणेल की आमच्या बाजूने पास. तेवढं म्हटलं की माल निघतो. आमच्या गटाची प्रमुख बाळंतपणाच्या रजेवर आहे, म्हणून ते मी म्हणायचं आहे.

इथे बाकीच्यांचे वडील इंजिनिअर, आया शिक्षिका. त्यांनी आवाज चढवला तर तो त्यांचा स्वभाव ठरतो. मी चढवला तर कालवंवाल्याच्या मुलीला रीत कळत नाही असं होईल. आपल्या घरात शाळेपुढे शिकलेली मी पहिली. चुकीचं बोलून सगळं घालवणारीही मीच पहिली व्हायची, या भीतीने हल्ली जेवतानासुद्धा मनात वाक्यं जुळवत असते.

हे बाबांना सांगू नकोस. माझ्यावर राग असला तरी उत्तर लगेच टाक.

तुझी,
पेइशुआन

तुंगशी, ५ मे

चि. पेइशुआन हिस,
अ. उ. आ.

बाबाला सांगितलं. पत्र हातात बघून तो विचारणार, मी काय कालवांची पावती आहे म्हणू?

पाकिटाचं ऐकल्यावर तो हसला. तुझी आई गेल्यापासून मी त्याला असा हसलेला पाहिला नाही. तेव्हापासून मला छळतोय. भाजी वाढली की विचारतो, यात हिरवं पाकीट नाही ना. पट्टी बदलताना नर्सला सांगितलं की हे बहिणीच्या प्रेमाने भाजलं आहे. रजईमागून यंत्र काढलं, पुसलं, आणि शनिवारी डायलिसिसला हातात धरून नेलं, पिशवीत नाही. त्याचा मासेमारीचा खेळ लागला, अपडेट आलं नाही, एक मोठा मासाही मिळाला. लियावला दाखवायला गेला तर बोट लागून खेळ बंद झाला आणि मासा गेला. तरी खूश होता.

पाय: काळसर कडा डॉक्टरांनी कापून काढली. खाली लाल दिसतं आहे, ते चांगलं म्हणे. बोट राहील असं वाटतं. अजून वाटतंच म्हणतात.

तुझ्या त्या पूजेबद्दल बाबाचं मत विचारलं नाहीस, पण तो म्हणाला की पास म्हणून टाक. माझ्यापायी पोरीने नोकरी धोक्यात घालायची नाही, मी यंत्र हातात धरून नेईन, काय बिघडलं. हे बोलताना पट्टीचा पाय स्टुलावर होता. माझं मत त्याला ठाऊक आहे आणि तुलाही कळेल.

एक गोष्ट मात्र तुला कळायला हवी. लियावला आता ते यंत्र हवं आहे. तुझ्या बाबाने एवढी तारीफ केली, की त्याने सुनेला सांगून ठेवलं, नवं मॉडेल येऊ दे, तेच घे, शेजारच्या पलंगावरच्या चुआंगच्या मुलीने तपासलेलं आहे. लियावच्या पायांनाही काही कळत नाही. गेल्या साली त्याची दोन बोटं काढली, तो ती गोष्टही हसूनच सांगतो. तो घरी एकटाच असतो आणि पिशवीत औषधं, टॉवेल, चपला, सगळं कोंबून नेतो. मी त्याला चहा विचारला.

आज दुकानातल्या मुलीने माझा चेहरा फोनला दाखवला. फोन म्हणाला की चेहरा जुळत नाही. मी तिला म्हटलं, अगं, मलाही हल्ली जुळत नाही.

झोप घे. तू जे करशील त्यानंतरही इथे तुझ्या नावाचं ताट असेल, एवढं धर.

तुझी आत्या,
आ-लुआन

शिंचू, ९ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लियावकाकांचं वाचलं. मी तपासलेलं आहे म्हणून ते घेणार, हे वाक्य मला कुठेही गाठतं.

आज वेंग साहेबांकडे पुन्हा गेले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांचाही चेहरा उतरलेला असतो, वरून त्यांनाही रोज विचारणा होते. त्यांनी मार्ग काढला होता: माहितीपुस्तकात एक ओळ घालू, पाऊचमध्ये इतर वस्तू ठेवू नका. मी ओळ बघितली. ती इतकी बारीक आहे की मला चष्मा काढून पुसावा लागला. मी म्हटलं की माझ्या आत्याला हे वाचता येणार नाही, आणि आलं तरी ती पाकीट ठेवेल, कारण तिला वाटतं त्याने यंत्र नीट वागतं, आणि आपण सगळेही तेच करतो. त्यांनी त्यांच्या टेबलावरच्या हिरव्या पाकिटाकडे बघितलं. मग म्हणाले की पूजेच्या दिवशी अशुभ बोलू नये, हवं तर मी त्या दिवशी रजा घ्यावी, पास दुसरं कुणी म्हणेल. ते माझी सोय बघत होते, हे मला कळलं. मी आभार मानले आणि नको म्हटलं.

सगळ्या चाचण्या पुन्हा केल्या: टॉवेल, डबा, छत्री, चपला, आणि तुझं पाकीट. मधेच माझ्या संगणकाने अपडेट घेतलं आणि अर्ध्या दिवसाच्या नोंदी गेल्या, त्या परत केल्या. इतकी दमले आहे की रागही येत नाही. पाऊच बरोबर नेणार आहे. पास नाही म्हणेन, आणि कुणी का विचारलं तर सगळ्यांसमोर चेन लावून दाखवेन. मग त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं. कदाचित तसाच माल निघेल आणि मी घरी येईन. कालवं सोलायला मी विसरलेले नाही.

बाबांना सांग की हे त्यांच्यापायी नाही, त्यांनी ते ओझं घेऊ नये. त्यांनी पास म्हण म्हटलं म्हणून मला आधी रडू आलं आणि मग धीर आला, हे मात्र सांगू नकोस. लियावकाकांना कंपनीच्या आतलं काही बोलू नकोस, तेवढा नियम मी पाळते. फक्त म्हण की थोडं थांबा, घाई कसली आहे.

माझा आवाज बसला तर इतक्या लांबूनही मला दम दे.

तुझी,
पेइशुआन

ता. क. बाबा कधी म्हणून विचारतील. सांग की त्यांच्या डायलिसिसच्याच दिवशी, ते सकाळी यंत्र हातात धरून बसमध्ये बसतील तेव्हा मी उदबत्ती लावत असेन: चांद्र सोळाव्याला, मंगळवारी, तेरा मे.