सव्वीस मिलिमीटर

३ नोव्हेंबर २०२५
गाठ नव्हे, पुटी! पुटी म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी. आरतीच्या स्वादुपिंडात आहे — शेपटाकडच्या भागात, सव्वीस मिलिमीटर. वार्षिक तपासणीच्या सोनोग्राफीत दिसली, एमआरआयने पक्की झाली. सावेडीतले डॉक्टर म्हणाले, "साधी आहे. आज तरी कॅन्सर नाही."
त्या 'आज तरी'पाशी मी अडकलो आहे.

५ नोव्हेंबर
बेलापूरहून आरतीचा धाकटा भाऊ सहादेव आला. त्याला आकृती काढून समजावले. स्वादुपिंडाची मुख्य नलिका म्हणजे शेताला पाणी देणारा पाट, उपनलिका म्हणजे त्यातून फुटणाऱ्या चाऱ्या. एका चारीत चिकट स्राव तुंबून फुगवटा आला आहे. अशी पुटी बहुधा जन्मभर निरुपद्रवी राहते. क्वचित एखादी बिघडते. मग शस्त्रक्रिया केव्हा? पाट रुंदावला, पुटीच्या आतल्या भिंतीवर घट्ट गाठ उगवली, कावीळ झाली, आकार झपाट्याने वाढला किंवा दुखू लागले, तर. एरवी सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. सांगताना काय रंगलो होतो मी! जीवशास्त्राचा शिक्षक, दुसरे काय.
"दाजी, म्हंजी बिघडायची वाट बघायची व्हय? काढून टाका की आत्ताच!"
त्यालाही उत्तर होते. कापलेल्या टोकातून पाचकरस गळू शकतो, शेजारची प्लीहा काढावी लागू शकते, मधुमेह जडू शकतो. धडधाकट बाईला ही शिक्षा कशासाठी?
"अहो सर, घंटा झाली," आरती स्वयंपाकघरातून ओरडली. "पोरगं उपाशी आलंय, त्याला जेवू द्या."
तिघेही हसलो. आकृतीतला पाट मात्र वाकडा आला आहे.

९ नोव्हेंबर
भीती वाटते. एवढेच.

१४ नोव्हेंबर
दुसरे मत घ्यायला उद्या पुण्याला. आरती कुरकुरली — "पहिल्या मताला काय धाड भरली?"
खरे ते इथेच लिहितो. मला ती पुटी बाहेर काढलेली हवी आहे. सगळे शास्त्र थांबा म्हणते, मीच ते सर्वांना पटवले, आणि मलाच ते पेलत नाही! ती भाजी निवडत असते आणि मी तिच्या पोटाकडे पाहत बसतो.

१५ नोव्हेंबर
पुण्याच्या सर्जन बाई शांत, मोजके बोलणाऱ्या. त्यांनीही तेच निकष सांगितले. शेवटी विचारले, "पोटात दुखतं का?"
आरती काही बोलण्याआधी मीच म्हणालो, "हो. जेवल्यावर. पाठीपर्यंत जातं."
खोटे! पुस्तकातले वर्णन जसेच्या तसे.
बाईंनी आरतीकडे पाहिले. तिने मान खाली घातली. नाही म्हणाली नाही. चारचौघांत नवऱ्याला खोटे पाडायचे नाही, म्हणून! "मग वाट बघणं मला योग्य वाटत नाही," बाई म्हणाल्या. आधी एंडोस्कोपीतून पुटीतला द्रव तपासायचा, मग शस्त्रक्रिया. सोमवारनंतर भरती व्हायचे आहे.
परतताना शिरूर गेले, सुपे गेले, आरती खिडकीबाहेरच पाहत होती. माझ्या भीतीपायी मी तिच्या पोटावर सुरी ठेवली. उद्या सांगून टाकतो. बाईंनाही फोन करतो.

१६ नोव्हेंबर
सकाळी तिच्यासमोर बसलो. म्हणालो, "आरती, काल मी दुखण्याचं जे बोललो —"
तिने मध्येच माझा हात धरला. "तुम्हाला कळलं कसं हो? गणपतीपासून कुणाला कळू दिलं नव्हतं मी."