वसंताचा जड चिखल

दिग्रस, गुरुवार, १२ मार्च १९६४

वसंता आज गुजरातेतून आला. माहा नातू तिकडं तेलाच्या विहिरीवर चिखल ठरवते. किती जड, किती पातळ, त्यात काय मिसळायचं, सारं कागदावर लिहून देते. विहीर खणताना भोकात ओतलेला चिखल जड असला तरच खालचा गॅस दबून राहते म्हणे. भिंतीचा पोतारा पातळ झाला त ओघळते, एवढं त मलेही समजते, अन् मी दुसरीपर्यंतच शिकली. असो.

त्याचा साहेब म्हणे, एवढा जड कायले, पाणी घाला. वसंतानं नाही म्हटलं, तसं लिहूनही ठेवलं. साहेब साऱ्यांसमोर त्याले हासला. मंग गॅस उसळला, आग लागली, अन् साहेबच जळून मेला. चौकशीत वसंताचा कागद निघाला. पोरगा सुटला, अन् साहेबाची जागा त्यालेच भेटली!

मी लगेच शिरा केला, आळीत वाटला. त्यानं हातही नाही लावला.

"आजी, माणूस मेला ना वं."

"मेला त मेला. पाणी तू घातलं का?"

"त्याची बायको मले भाऊ म्हणते."

"मंग बरंच झालं," म्हटलं, "भावाले नाही म्हणणार नाही. साहेबाचं क्वार्टर आता तुलेच भेटन, ते कधी खाली करते, विचारून घे."

उठूनच गेला. शिरा तसाच. जास्त बोलली का मी? पण नातसुनेले पाचवा महिना, अन् तिथं दोघं एका खोलीत. त्या बाईले आता एकटीले तीन खोल्या कायले लागतात?