न आलेलं मध्यंतर

स्टुटगार्ट, रविवार संध्याकाळ

आज इराला घेऊन एकटाच सिनेमाला गेलो. सुनेनं पहिल्यांदाच नातीला माझ्या भरवशावर सोडलं. सिनेमा हॉलिवूडचा, पिल्लू हरवलेल्या अस्वलांच्या कुटुंबाचा, कार्टून. बोलणं सगळं जर्मन. ठरवलं होतं, मध्यंतरात लघवीला जाऊन येऊ. सांगलीला हेरांचे सिनेमे पाहायचो, तेव्हा नायक विमानाला लटकला की दिवे लागायचेच. इथे तास उलटला तरी दिवे लागेनात.

हळूच विचारलं, "इरा, मध्यंतर कधी गं?"

"वास इस्ट डास, आजोबा?" म्हणजे हे काय असतं? पोरीनं मध्यंतर कधी पाहिलेलंच नाही.

अंधारात तिला एकटं कसं सोडायचं? आणि धरवेनाही. शेवटी सांगून टाकलं. ती उठली आणि माझा हात धरून मला बाहेर घेऊन गेली. परत आलो तर हरवलेलं पिल्लू आईच्या कुशीत. ते सापडलं कसं, हे आम्हा दोघांचंही हुकलं.

घरी इरा पिल्लू हरवल्याचं सांगत होती, तेव्हा मुलानं नेमकं तेच विचारलं, ते सापडलं कसं? उठून जावं लागलं हे कळलं, तर पुन्हा पाठवतील का तिला माझ्याबरोबर? पण इरा जर्मनमध्ये भराभर सांगत सुटली. मुलगा हसत माझ्याकडे वळला. "बाबा, इरा म्हणते, पिल्लाला एका आजोबा अस्वलानं वासावरून शोधलं. खरंच?"

आजोबा अस्वल सिनेमात नव्हतंच.

"हो," मी म्हणालो, "म्हातारं होतं, पण नाक तिखट होतं त्याचं."